लघुप्रबंधाचं पहिलं प्रकरण: पार्श्वभूमी किती द्यायची आणि प्रस्तावना लिहायची कधी?

मधला_पॅसेज
नमस्कार मंडळी. मी एम.ए. समाजशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मुंबई विद्यापीठात, कलिन्याला. लघुप्रबंधाचा विषय आहे 'वरळीच्या बीडीडी चाळींतून पुनर्विकसित इमारतींत गेलेल्या स्त्रियांचे शेजारसंबंध'. (बीडीडी म्हणजे मुंबईतल्या कामगारांसाठी सरकारने बांधलेल्या जुन्या चाळी.) सिनॉप्सिस, म्हणजे संशोधनाचा आराखडा, मंजूर झालाय, मुलाखती सुरू आहेत. पहिलं प्रकरण, म्हणजे प्रस्तावना, लिहून मार्गदर्शक मॅडमना दिलं. वीसेक पानं होती. माणूस हा समाजशील प्राणी आहे इथून सुरुवात, मग नागरीकरणाची व्याख्या, मुंबईची सात बेटं, १६६१ मध्ये इंग्रजांना मिळालेलं मुंबईचं आंदण, गिरण्या, प्लेग, बीडीडी, थोडा स्त्री-अभ्यासाचा सैद्धांतिक भाग आणि शेवटी उद्दिष्टं. मॅडमनी शेवटच्या दीड पानाभोवती पेन्सिलीने चौकट काढली आणि म्हणाल्या, "प्रस्तावना इथून सुरू होतेय. आधीच्या पानांचं काय करायचं ते तू ठरव."

तर पार्श्वभूमी नेमकी किती द्यायची, कुठे थांबायचं? आणि हे प्रकरण आत्ता पक्कं करायचं की बाकीची प्रकरणं झाल्यावर? वर्गात यावर दोन तट पडलेत. ज्यांनी लिहिलंय किंवा तपासलंय त्यांनी सांगा. आमची खोली त्याच चाळींत होती, त्यामुळे हे काम नीट व्हावं असं मनापासून वाटतं.

मुलुंडकर
प्रस्तावना म्हणजे फलाटावरचा इंडिकेटर. गाडी कुठली, स्लो की फास्ट, कुठवर जाणार आणि कुठे थांबणार नाही. रेल्वे १८५३ साली बोरीबंदरहून सुटली हे इंडिकेटरवर कोणी लिहीत नाही. :)

कलिना_कट्टा
+१. आमच्या बॅचला निम्म्या प्रबंधांची सुरुवात 'भारत हा कृषिप्रधान देश आहे'ने होती. त्यात एकाचा विषय मोबाइल बँकिंग होता.

टंकलेखक
लालबागला माझं झेरॉक्स-बाइंडिंगचं दुकान आहे. मार्च-एप्रिलमध्ये ब्लॅक बुकचा, म्हणजे बांधणी करायच्या प्रबंधांचा, ढीग लागतो. वरचं सोनेरी अक्षरांतलं नाव सोडलं तर पहिली दहा पानं कुणाचीही कुणाला लागतील अशी असतात. मैत्रिणीची फाइल पेनड्राइव्हवर आणून नाव बदलतात आणि प्रमाणपत्राच्या पानावर मागचं वर्ष तसंच राहतं. मी छापण्याआधी दाखवून देतो. या मुलीला प्रश्न पडलाय हेच मला आवडलं.

जुनी_वही
पदव्युत्तर वर्गांना संशोधन पद्धती शिकवण्यात माझी सगळी नोकरी गेली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जॉन स्वेल्स या भाषाभ्यासकाने संशोधन-लेखांच्या प्रस्तावना तपासून १९९० मध्ये एक मांडणी केली. बहुतेक चांगल्या प्रस्तावना तीन चालींत जातात. पहिली चाल क्षेत्र आखायची: कशाबद्दल बोलतोय, त्यात आजवर काय कळलंय. दुसरी चाल त्या क्षेत्रातली रिकामी जागा दाखवायची. तिसरी, ती जागा आपण कशी भरणार ते सांगायची. विद्यार्थी पहिल्या चालीत अडकतात, कारण ती पुस्तकांतून उतरवता येते. दुसरी उतरवता येत नाही, तिच्यासाठी वाचून स्वतःचं मत बनवावं लागतं. तुझ्या वीस पानांत ती दुसरी चाल किती ओळींत आहे, ते आधी मोज.

पार्श्वभूमीसाठी मी वर्गात एकच कसोटी सांगायचे. हा परिच्छेद काढला तर माझा प्रश्न कळायला वाचकाचं काही अडेल का? अडत नसेल तर काढून टाक. १६६१ चं आंदण जाईल. प्लेगही बहुधा जाईल. पण बीडीडीची खोली १६० चौरस फुटांची होती, एका मजल्यावर वीस खोल्या होत्या, संडास सामायिक होते, हे राहिलंच पाहिजे. तुझा शेजार त्या मांडणीतून घडलाय.

काळाघोडा
जुनी_वही, आदर राखून असहमत. 'इतिहास कापा' हा सल्ला मुलं फार अक्षरशः घेतात आणि मग प्रस्तावना कालपरवा सुरू झाल्यासारखी वाटते. एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या राज्य पुराभिलेखागारात माझं जाणं-येणं असतं. बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट १९२० मध्ये सरकारने काढलं, कामगारांसाठी पन्नास हजार खोल्या बांधायचा बेत होता. उभ्या राहिल्या २०७ चाळी: वरळीत १२१, नायगावला ४२, डिलाइल रोडला ३२, शिवडीला १२. तळमजला अधिक तीन, प्रत्येक चाळीत ८० खोल्या. म्हणजे ही सरकारी घरं. मालक एक, भाडेकरू हजारो, आणि खोली कुणाला मिळाली यावर शेजारी कोण हे ठरलं. गिरगावातल्या खासगी चाळीत मालकाने आपल्या ओळखीपाळखीचे, गावचे लोक भरले असतील. इथे तसं नाही. हा इतिहास काढला तर शेजारसंबंध हवेत तरंगतील.

जुनी_वही
काळाघोडा, मग आपण असहमत नाहीच. तुम्ही जो लिहिलात तो प्रश्नाचा इतिहास आहे. तिने लिहिला तो शहराचा होता. तुमचा परिच्छेद माझ्या कसोटीला उतरतो.

शिवडीकर
आमच्या शिवडीच्या बारा चाळींची आठवण काढलीत, बरं वाटलं. त्या पोर्ट ट्रस्टच्या जमिनीवर, त्यामुळे वरळी-नायगावच्या बरोबरीने आमचं काम सुरू झालं नाही. ताई, शीर्षकात वरळी आहेच, पण प्रस्तावनेत 'बीडीडीतील स्त्रिया' असं सरसकट लिहू नका. आणि हो, बाबासाहेब राहायचे ती बीडीडीच ना? ते नक्की घाला.

निळी_शाई
शिवडीकर, नाही. बाबासाहेब परळच्या बीआयटी चाळीत राहत होते. बीआयटी म्हणजे प्लेगनंतर १८९८ मध्ये आलेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळी, बीडीडी त्यानंतरच्या. लेखात अशी गल्लत झाली की परीक्षक तिथेच थांबतो.

मुलुंडकर
चाळ म्हटलं की ती लांबलचक गॅलरी, कठड्यावर वाळत घातलेल्या गोधड्या, खाली चौकात गणपती, सगळी दारं उघडी. माझा मामा गिरगावात राहायचा, उन्हाळ्याची सुट्टी तिथेच जायची. रात्री गॅलरीत ओळीने अंथरुणं. तुझ्या प्रस्तावनेत हे वातावरण आलं पाहिजे, पहिल्या पानावरच.

शरयू
वातावरण आलं पाहिजे, पण सगळंच आलं पाहिजे. चार वाजता उठून पाणी भरणाऱ्या बायका, रात्री संडासला जाताना सोबतीला पोरगी उठवणाऱ्या आया, बादलीवरून झालेली आणि वर्षानुवर्षं न मिटलेली भांडणं. माझी आई चाळीतून ब्लॉकमध्ये आली तेव्हा पहिल्या दिवशी तिने घरातल्या संडासाला स्वतःच्या हाताने कडी लावून पाहिली होती, दोन-तीनदा. पुनर्विकासाने शेजार हरवला असं प्रस्तावनेतच ठरवून टाकलं तर पुढच्या मुलाखतींना अर्थ उरत नाही.

निळी_शाई
शरयूताईंना अनुमोदन, आणि एक भर. वरळीच्या बीडीडीत जानेवारी १९७४ मध्ये दंगल झाली. दलित पँथर आणि सवर्ण वस्ती असा तो संघर्ष त्याच चाळींच्या मधल्या रस्त्यांवर झाला. कोण कुठल्या चाळीत, कोणाच्या दारात चहा घेतला जायचा आणि कोणाच्या नाही, हे तिथल्या जुन्या बायकांना नेमकं आठवतं. 'चाळीत सगळे एका कुटुंबासारखे राहत' हे वाक्य तुझ्या वीस पानांत असेल तर ते आधी काढ. नव्या इमारतीत घरं कशी वाटली गेली आणि त्यामुळे कोण कोणाचं शेजारी झालं, हा प्रश्न तुझ्या उद्दिष्टांत आहे का?

मधला_पॅसेज
ते वाक्य होतं. काढलं.

निळी_शाई, घरवाटपाचा मुद्दा उद्दिष्टांत नव्हता, पण मुलाखतींत आपणहून येतोय. एक आजी म्हणाल्या, "आता कोण शेजारी हे चिठ्ठीनं ठरलं, आमच्या वेळी चाळीच्या नंबरावरनं कळायचं."

मुलुंडकर, बीडीडीला गॅलरी नसते. :) मधोमध पॅसेज आणि दोन्ही बाजूंना खोल्या, समोरासमोर दारं. पॅसेज दिवसाही अंधारा, उजेड दोन टोकांनाच. आम्ही क्रिकेट खेळायचो ते त्या पॅसेजमध्ये, बॉल समोरच्या काकूंच्या पिठाच्या डब्यात. माझं इथलं नाव त्यावरूनच घेतलंय.

जुनी_वही
थांब. हे जे तू आत्ता मुलुंडकरांना सांगितलंस, ते तुझ्या प्रस्तावनेत आहे का?

मधला_पॅसेज
नाही. ते सगळ्यांना माहीतच असेल असं वाटलं.

जुनी_वही
मुलुंडकरांना माहीत नव्हतं, मलाही या तपशिलाने माहीत नव्हतं. चाळीबद्दल मी जे वाचलंय त्यात गॅलरी आणि चौक येतोच. बायका एकमेकींना लांबून पाहू शकतात, हाक मारू शकतात, म्हणून शेजार घडतो, असा तिथला युक्तिवाद. तुझ्या चाळीत गॅलरीच नाही! तरीही घट्ट शेजार होता असं सगळ्या सांगतायत. मग तो कशाने घडला? समोरच्या दारामुळे, नळामुळे, संडासाच्या रांगेमुळे, की शंभर वर्षं तीच कुटुंबं राहिल्यामुळे? आणि नव्या इमारतीतही मधोमध लॉबी आणि समोरासमोर दारंच आहेत ना? म्हणजे नकाशा वाटतो तितका बदललेला नाही. बदललंय ते दुसरं काहीतरी. ही तुझी रिकामी जागा. सात बेटांमागे ती दडली होती.

काळाघोडा
अप्रतिम. यासाठी मूळ आराखडा पाहायला मिळाला तर आणखी बरं. आणि 'शंभर वर्षं तीच कुटुंबं' हे मात्र तपासूनच लिही. खोल्या हस्तांतरित झाल्या आहेत, पोटभाडेकरू राहिले आहेत.

कलिना_कट्टा
जरा वेगळा मुद्दा. आमच्याकडे सरळ एआयला विषय देऊन प्रस्तावना लिहून घेतात. अगदी सफाईदार येते. त्यात चूक काय?

शरयू
वाचायला सफाईदार, पण वरचा पॅसेजचा मुद्दा त्यात आला असता का? त्याने गॅलरीच लिहिली असती. शिवाय ज्यांचे संदर्भ दिलेत ती पुस्तकं ग्रंथालयात शोधायला गेलं की कधी लेखक खरा, पुस्तक नाही; कधी दोन्ही नाहीत. मी तपासताना आता पहिल्या प्रकरणातले संदर्भ एकेक करून पाहते.

जुनी_वही
उसनवारीबद्दल यूजीसीचा (विद्यापीठ अनुदान आयोगाचा) २०१८ चा नियम ठाऊक असू द्या. १० टक्क्यांपर्यंतच्या साधर्म्याला दंड नाही, १० ते ४० टक्के असेल तर दुरुस्त करून पुन्हा सादर करायचं, ६० च्या वर गेलं तर नोंदणीच रद्द होते. आणि हे साधर्म्य बहुतेकदा पहिल्या आणि दुसऱ्या प्रकरणातच सापडतं. स्वतः घेतलेल्या मुलाखतींत कोण कशाला उसनवारी करेल?

शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहातले प्रबंध जरूर वाच, पण ते पीएच.डी.चे. त्यांची प्रस्तावना पन्नास-साठ पानांची असते म्हणून तुझी तेवढी नको.

आकडेमोड
उशिरा आलो. 'आधी की शेवटी' यावर कोणीच नीट बोललं नाही, म्हणून माझं ठाम मत देतो: आधी. उद्दिष्टं आणि गृहीतकं माहिती गोळा करण्यापूर्वी लिहून, तारीख घालून ठेवायची. निष्कर्ष हातात आल्यावर प्रस्तावना लिहिणारा नकळत गृहीतकं निष्कर्षांना जुळवून घेतो आणि मग सगळी गृहीतकं सिद्ध होतात. मी संख्याशास्त्राचा माणूस. 'चारही गृहीतके सिद्ध झाली' असं वाचलं की मला आधी शंका येते.

शरयू
आकडेमोड, सर्वेक्षण असेल तर शंभर टक्के मान्य. पण हिचं काम मुलाखतींचं आहे. घरवाटपाचा मुद्दा बायकांनी आणला, तिने नाही. गुणात्मक अभ्यासात प्रश्न काम करता करता धारदार होतो. तो बदलायचाच नाही म्हटलं तर ऐकायचं कशाला?

आकडेमोड
बदलू दे, पण बदलला हे सांगू दे. मूळ उद्दिष्टं अशी होती, मुलाखतींतून हा प्रश्न पुढे आला म्हणून तो जोडला, हे संशोधन पद्धतीच्या प्रकरणात दोन वाक्यांत लिहायचं. पहिल्यापासून हाच प्रश्न होता असं भासवू नये, एवढंच माझं म्हणणं.

जुनी_वही
इथे दोघांचंही बरोबर. मी मुलांकडून दोनदा लिहून घ्यायचे. सुरुवातीला तीन-चार पानांची कामचलाऊ प्रस्तावना: प्रश्न, तो का पडला, उद्दिष्टं. ती भिंतीवर लावायची आणि क्षेत्रकाम करायचं. शेवटचं प्रकरण संपलं की प्रस्तावना नव्याने लिहायची, कारण तोवर आपण नेमकं काय शोधत होतो हे जास्त स्वच्छ कळलेलं असतं. प्रकरणांची ओळख आणि व्याप्ती तर शेवटीच लिहिता येते. मूळ उद्दिष्टांचा कागद मात्र जपून ठेवायचा.

मधला_पॅसेज
दोन-तीन रात्री बसून नव्याने लिहिलं. आता साडेतीन पानं आहेत. पहिला परिच्छेद टाकतेय, निःसंकोच सांगा:

'ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींतील ५५६ कुटुंबांना पुनर्विकसित इमारतींतील घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांच्या खोलीतून ही कुटुंबे ५०० चौरस फुटांच्या घरात गेली. चाळीत एका मजल्यावरील वीस खोल्या मधल्या पॅसेजच्या दोन्ही बाजूंना होत्या. नळ, संडास आणि पॅसेज सामायिक होते. नव्या घरात पाणी आणि संडास घराच्या आत आहेत, दारे मात्र पुन्हा समोरासमोर आहेत. चाळींवरील लेखनात शेजार बहुतांशी गॅलरी आणि चौक यांच्या आधारे समजावला जातो. बीडीडीत या दोन्ही गोष्टी नव्हत्या. येथील स्त्रियांमधील शेजारसंबंध कशावर उभे होते आणि सामायिक सोयी संपल्यावर त्यांचे काय झाले, हे या अभ्यासात पाहिले आहे.'

पुढे काळाघोडांनी सांगितलेला १९२० चा भाग, मग १९७४ आणि वस्तीची रचना, मग उद्दिष्टं. पहिलं उद्दिष्ट आहे 'पुनर्विकासाचा स्त्रियांच्या शेजारसंबंधांवरील परिणाम अभ्यासणे'.

मुलुंडकर
गॅलरी गेली, पण परिच्छेद झकास. आता गाडी कुठली ते कळलं.

काळाघोडा
उत्तम. 'बीडीडीत या दोन्ही गोष्टी नव्हत्या' याऐवजी 'वरळीच्या बीडीडी चाळींत' असं कर. आणि चौक नव्हता म्हणतेस, पण दोन चाळींमधल्या मोकळ्या जागेत गणपती, लग्नं, सभा होत होत्या. 'बंदिस्त चौक नव्हता' असं लिही, नाहीतर तिथलाच कोणीतरी व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, उभा राहून विचारेल.

टंकलेखक
डाव्या बाजूला दीड इंच समास सोडा, नाहीतर बाइंडिंगमध्ये ओळींची सुरुवात आत जाते. बाकी मी हा परिच्छेद दुकानात बायकोला वाचून दाखवला. ती नायगावची. म्हणाली, पुढचं वाचायला कधी मिळेल?

आकडेमोड
'परिणाम अभ्यासणे' खटकतं. परिणाम म्हणालीस की कारण-कार्य सिद्ध करण्याची जबाबदारी तुझ्यावर येते. मधल्या काळात मुलींची लग्नं झाली, कोणी नोकरीला लागल्या, म्हाताऱ्या माणसांचं जिने उतरणं थांबलं. शेजार बदलला तो इमारतीने की वयाने, हे मुलाखतींतून वेगळं काढता येणार नाही. 'स्त्रियांना शेजारसंबंधांत कोणते बदल जाणवतात आणि त्या त्यांची काय कारणे देतात, हे समजून घेणे' असं लिही. हे तू खरंच करू शकतेस.

शरयू
आणि चाळ ते टॉवर अशी थेट उडी नाहीये. मधली काही वर्षं संक्रमण शिबिरात किंवा भाड्याच्या घरात गेली. काहींचा शेजार तिथेच तुटला असेल, काहींना तिथेच नवा मिळाला असेल. प्रस्तावनेत दोनच टप्पे दिसतायत, तीन हवेत.

मधला_पॅसेज
शरयूताई, हे खरंच महत्त्वाचं. आमचेच शेजारी तिघे तीन उपनगरांत गेले होते. तिसरा टप्पा घालते, उद्दिष्टही आकडेमोड सरांनी सांगितलं तसं करते. शेवटचं विचारते: मी स्वतः तिथली आहे हे प्रस्तावनेत लिहू की नको? मॅडम लिही म्हणतात, वर्गातले म्हणतात पक्षपाती वाटेल.

निळी_शाई
लिही. आणि नुसतं 'तिथली आहे' नको, कुठल्या चाळीतली तेही लिही. १९७४ चं बोलणं तुझ्याशी कोण मोकळेपणी करेल आणि कोण विषय बदलेल, हे त्यावरच ठरणार आहे.

जुनी_वही
निळी_शाईंशी सहमत. एका परिच्छेदात, भावुक न होता लिहायचं: ओळखीमुळे कोणती दारं उघडली आणि कोणती उघडली नाहीत. तोच परिच्छेद पुढे मर्यादांना जोड. मर्यादांत 'वेळेअभावी आणि साधनांअभावी' असं लिहू नकोस, ते प्रत्येकाच्याच प्रबंधात असतं. ज्यांनी नवं घर भाड्याने देऊन मुक्काम हलवला त्या बायका तुला भेटल्या नाहीत, ताबा मिळून फार काळ झालेला नाही, आणि पुरुषांशी तू बोललेली नाहीस. ही तीन वाक्यं लिहिलीस की मर्यादा झाल्या.